एलजीबीटीक्यू शिक्षकांच्या पाठीशी उभं राहताना: विद्यार्थ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

एखाद्या सोमवारी नेहमीचे सर तासाला येत नाहीत. वेळापत्रकात त्यांच्या जागी दुसऱ्याच कुणाचं नाव दिसतं. कार्यालयात विचारलं तर ‘चौकशी चालू आहे’ एवढंच उत्तर मिळतं. बाकीचं संध्याकाळपर्यंत फोनाफोनीतून कानावर येतं: सरांच्या खासगी आयुष्याबद्दल कुणीतरी तक्रार केली म्हणे, किंवा वर्गात समलिंगी नात्यांवरची कथा शिकवली म्हणून कुणाचे तरी पालक थेट कुलगुरूंकडे गेले म्हणे. विद्यार्थ्यांना चीड येते, काहीतरी करायचं असतं, आणि सगळ्यात महागात पडणाऱ्या चुका याच पहिल्या दोन दिवसांत होतात.

हा लेख त्या दोन दिवसांसाठी आहे आणि नंतरच्या अनेक महिन्यांसाठीही आहे. ‘एलजीबीटीक्यू’ म्हणजे समलिंगी, पारलिंगी (ट्रान्सजेंडर, म्हणजे जन्मावेळी नोंदवलेलं लिंग ज्यांना आपलं वाटत नाही अशा) आणि अशा इतर ओळखींच्या व्यक्ती. ‘शिक्षक’ या शब्दात मी ग्रंथालयातले, प्रयोगशाळेतले, वसतिगृहातले आणि कार्यालयातले कर्मचारीही धरते. त्यांच्यासाठी मोर्चा क्वचितच निघतो, म्हणून त्यांची आठवण सुरुवातीलाच ठेवा.

आधी हे ठरवा: रोख माणसावर आहे की विषयावर?

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. कुणी समलिंगी किंवा पारलिंगी आहे म्हणून त्रास दिला जात असेल, तर तो भेदभाव. तिथे समानतेचे कायदे आणि सेवा नियम कामाला येतात. एखादा विषय शिकवला, त्यावर संशोधन केलं किंवा बाहेर लेख लिहिला म्हणून कारवाई होत असेल, तर प्रश्न शैक्षणिक स्वातंत्र्याचा आहे. तिथे शिक्षक समलिंगी आहेत की नाहीत याचा संबंधच नसतो, आणि तो आणूही नये.

शैक्षणिक स्वातंत्र्य म्हणजे ‘प्राध्यापकांनी काहीही बोलावं’ असा अर्थ नाही. अमेरिकेतल्या विद्यापीठीय प्राध्यापकांच्या संघटनेने १९१५ मध्ये, म्हणजे स्थापनेच्याच वर्षी, त्याची मांडणी केली आणि १९४० च्या निवेदनात ती नेमकी केली: संशोधन करून ते प्रसिद्ध करण्याचं स्वातंत्र्य, वर्गात आपला विषय शिकवण्याचं स्वातंत्र्य, आणि नागरिक म्हणून बाहेर बोलताना संस्थेच्या शिक्षेपासून संरक्षण. युनेस्कोने नोव्हेंबर १९९७ मध्ये उच्च शिक्षणातल्या अध्यापकांबद्दल जी शिफारस स्वीकारली, तिने यात आणखी एक गोष्ट घातली: आपण ज्या संस्थेत काम करतो तिच्याबद्दल मोकळेपणी मत देण्याचा हक्क. ही शिफारस कायद्यासारखी बंधनकारक नाही, पण तुमच्या निवेदनात तिचा उल्लेख केला की समोरच्याला ‘हे तुमचं मनचं आहे’ असं म्हणता येत नाही.

प्रत्यक्षात दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या येतात, बऱ्याचदा मुद्दाम मिसळलेल्या. त्या सुट्या करायला मी दोन प्रश्न वापरते. हेच पुस्तक दुसऱ्या कुणी शिकवलं असतं तर तक्रार झाली असती का? आणि याच व्यक्तीने गणित शिकवलं असतं तर ती सुखाने नोकरीत राहिली असती का? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर रोख माणसावर आहे. दुसऱ्याचं ‘हो’ आलं तर विषयावर आहे. उत्तरं अधांतरी राहिली तर निवेदनात दोन्ही मुद्दे घ्या, पण वेगवेगळ्या परिच्छेदांत.

अलीकडची दोन उदाहरणं पाहा. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात बालसाहित्य शिकवणाऱ्या एका अध्यापिकेची नोकरी गेली. लिंगओळखीच्या (व्यक्ती स्वतःला स्त्री, पुरुष की आणखी काही मानते, त्या) मुद्द्यावर वर्गात झालेला वाद एका विद्यार्थिनीने फोनवर टिपला होता. ती चित्रफीत समाजमाध्यमांवर आली आणि काही दिवसांत कारवाई झाली. हा रोख विषयावर होता. त्याच वर्षाच्या अखेरीस ओक्लाहोमा विद्यापीठात एका निबंधाला शून्य गुण दिल्यावरून वाद पेटला. गुण देणारी व्यक्ती पारलिंगी होती आणि तिला अध्यापनातून दूर केलं गेलं. गुण योग्य होते की अयोग्य, हे दुसऱ्या परीक्षकाकडून निबंध तपासून घेऊन ठरवता येतं. पण अशा वेळी चर्चा गुणांवरून माणसाच्या ओळखीवर कधी घसरते ते कळतही नाही. तिथे विद्यार्थ्यांनी आधी हाच फरक बोलून दाखवायला हवा.

एक गोष्ट स्पष्टच सांगते. तक्रार जर एखाद्या विद्यार्थ्याचा छळ केल्याची असेल, तर शिक्षकांची लैंगिकता ही ढाल होऊ शकत नाही. शैक्षणिक स्वातंत्र्य छळाला लागू होत नाही. अशा वेळी तुमची मागणी एकच: दोन्ही बाजूंना नियमाप्रमाणे, ठरलेल्या मुदतीत, गुप्तता राखून न्याय मिळावा. तक्रार करणाऱ्याचं नाव शोधत फिरू नका.

विचारल्याशिवाय एक पाऊलही नको

आमच्या विभागात एकदा एका सरांचा करार वाढवायला टाळाटाळ चालली होती. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी उघड बोलत नव्हतं. आम्ही सात-आठ जणी रात्रभर बसून भित्तिपत्रकं रंगवली. सकाळी सर जिन्यातच थांबले. भिंतीवर त्यांचं नाव होतं, शेजारी सप्तरंगी झेंडा होता. ते रागावले नाहीत. टाचण्या एकेक करून काढत म्हणाले, “माझ्या आईला अजून माहीत नाही गं.” काढलेल्या टाचण्या त्यांनी तळहातावर गोळा केल्या आणि माझ्याकडे दिल्या. त्यांच्यावर जितका अन्याय कार्यालयाने केला होता, तितकाच त्या क्षणी आम्ही केला होता, आणि तोही प्रेमापोटी.

म्हणून पहिली पायरी हीच: त्या व्यक्तीला विचारा. सगळ्यांनी मिळून जायचं नाही. ज्यांचा त्यांच्याशी सहज बोलण्याचा परिपाठ आहे अशा एक-दोघांनीच जायचं, शक्य असेल तर विद्यापीठाच्या अधिकृत ई-मेलवरून संपर्क न करता प्रत्यक्ष भेटायचं. विद्यापीठाने दिलेल्या खात्यावरचा पत्रव्यवहार चौकशीत विद्यापीठाच्याच हाती जाऊ शकतो.

काय विचारायचं? तुमचं नाव घेतलेलं चालेल का? तुमच्या ओळखीबद्दल कुणाला काय माहीत आहे, आणि कुणाला कळता कामा नये? तुमचा वकील किंवा शिक्षक संघटना काय सांगते? आमच्या कुठल्या कृतीने तुमची बाजू कमकुवत होईल? आणि आत्ता तुम्हाला कशाची गरज आहे? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा अगदी साधं निघतं: कुणीतरी कपाटातली पुस्तकं आणून द्या, किंवा माझ्याकडच्या संशोधक विद्यार्थ्याचा अहवाल अडकलाय तेवढं पाहा. आधी ते करा. ‘काहीच करू नका’ असं उत्तर आलं तर तेही उत्तर आहे. मग व्यक्तीचं नाव न घेता धोरणावर काम करा. ते कसं, ते पुढे येईलच.

भाषेबद्दलही इथेच बोलते, कारण मराठीत हा धोका जास्त आहे. आपल्या भाषेत क्रियापदच लिंग सांगून टाकतं. ‘आले’ की ‘आल्या’, ‘म्हणणारे’ की ‘म्हणणाऱ्या’, यावरून पारलिंगी व्यक्तीची गोष्ट एका शेपटाने उघडी पडते. निवेदन लिहिताना त्यांना विचारून घ्या, आणि विचारता येत नसेल तर वाक्य फिरवा. ‘प्राध्यापकांनी सांगितलं’, ‘प्राध्यापकांनी पत्र लिहिलं’ या रचनेत लिंग दिसत नाही. ‘अध्यापक’ किंवा ‘अध्यापिका’ टाळून ‘अध्यापनाची जबाबदारी असलेली व्यक्ती’ असं लिहिता येतं. जोडप्याबद्दल लिहावंच लागलं तर ‘जोडीदार’ हा शब्द पुरेसा आहे. शिवाय ज्यांनी नाव बदललंय, त्यांचं जुनं नाव सेवा कागदपत्रांत असलं तरी तुमच्या पत्रात येता कामा नये.

कागद जमवा, पण वर्गात चोरून ध्वनिमुद्रण करू नका

भेट झाली की त्याच संध्याकाळी एक वही काढा. डाव्या रकान्यात तारीख आणि वेळ, मधल्यात काय घडलं, उजव्यात ते कुणी पाहिलं आणि पुरावा कुठे आहे. ‘सगळे म्हणतात’ असं कुठेही लिहायचं नाही. वेळापत्रक बदलल्याचा ई-मेल, सूचनाफलकाचा फोटो, विभागप्रमुख जे बोलले ते शब्द, हे त्याच दिवशी टिपून ठेवा. दोन महिन्यांनी चौकशी समितीपुढे ‘तेव्हा नक्की काय म्हणाले होते?’ असा प्रश्न येतो, तेव्हा आठवणीवर कुणी विश्वास ठेवत नाही. समाजमाध्यमांवरचा शिवराळ मजकूर असेल तर तारीख आणि पत्ता दिसेल असं पडद्याचं छायाचित्र घ्या, आणि त्याला उत्तर देऊ नका.

वर्गात गुपचूप ध्वनिमुद्रण मात्र करू नका, चांगल्या हेतूनेही नाही. टेक्सासच्या प्रकरणात नोकरी घालवणारं साधन फोनच होता. तेच साधन आपण ‘आपल्या’ शिक्षकांसाठी वापरायला लागलो की वर्गात कुणीच मोकळेपणी बोलणार नाही, आणि सगळ्यात आधी गप्प बसेल तो अजून कुणालाच काही न सांगितलेला शेजारचा विद्यार्थी.

ही वही दोनच ठिकाणी ठेवा आणि ती कुणाकडे आहे हे ठरवून घ्या. शिक्षकांच्या खासगी आयुष्याचा कुठलाही तपशील त्यात नको. ती हरवली तर काय होईल, हा विचार करून प्रत्येक ओळ लिहा.

नियम वाचा, सुरुवात नेमणुकीपासून करा

कायम, परिवीक्षेवर (प्रोबेशनवर), कंत्राटी की तासांवर, यावर निम्मी लढाई ठरते. कायम शिक्षकांना काढायला आरोपपत्र, चौकशी आणि बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. कंत्राटी शिक्षकांना काढावंच लागत नाही, करार वाढवला नाही की झालं. म्हणून कंत्राटी शिक्षकांच्या बाबतीत निलंबनाची बातमी येईपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. करार संपायची तारीख आधीच माहीत असू द्या आणि त्याच्या दोन-तीन महिने आधी हालचाल सुरू करा.

मग विद्यापीठाचे सेवा नियम, परिनियम आणि भेदभावविरोधी धोरण शोधा. ‘लैंगिक कल’ आणि ‘लिंगओळख’ हे शब्द त्यात आहेत का ते पाहा. नसले तर ‘लिंग’ किंवा ‘इतर कोणत्याही कारणाने’ असे शब्द आहेत का ते पाहा.

देशाचा कायदा कुठे उभा आहे, हेही कळायला हवं. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या संविधानात लैंगिक कलावरून भेदभावाला मनाई आहे आणि शैक्षणिक स्वातंत्र्याचा हक्कही शब्दशः लिहिलेला आहे. दोन्ही एकाच दस्तऐवजात, इतकं स्पष्ट फार थोड्या ठिकाणी सापडतं. ब्रिटनमध्ये २०१० चा समानता कायदा आहे. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने १५ जून २०२० ला नोकरीतला असा भेदभाव बेकायदा ठरवला. भारतात ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले, आणि पारलिंगी व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्यात शिक्षण आणि नोकरीतल्या भेदभावाला मनाई करून प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमण्याची तरतूद केली. तुमच्या संस्थेत असा अधिकारी नेमलाय का, हा पहिल्याच पत्रातला एक चांगला प्रश्न आहे.

काही देशांत पाठिंबा देणं हाच गुन्हा आहे. युगांडाच्या २०२३ च्या कायद्यात समलैंगिकतेच्या ‘प्रचारा’ला वीस वर्षांपर्यंत कैद आहे. तिथे सह्यांची मोहीम म्हणजे पोलिसांसाठी तयार यादी. अशा ठिकाणी सुरक्षित निवारा, देशाबाहेरचे सहकारी, आणि संकटातल्या अभ्यासकांना दुसऱ्या विद्यापीठांत जागा मिळवून देणारं, १९९९ पासून काम करणारं ‘स्कॉलर्स अॅट रिस्क’सारखं जाळं, हेच मार्ग उरतात. शूर दिसण्याच्या नादात कुणाचा जीव धोक्यात घालू नका.

निवेदन: छोटं, नेमकं, पोच घेऊन

विद्यार्थ्यांची निवेदनं बहुतेक वेळा रागाने भरलेली आणि मागणीने रिकामी असतात. अधिकाऱ्याला ‘आपल्या भावना पोहोचल्या’ एवढं लिहून मोकळं होता येतं. त्याला उत्तर द्यावंच लागेल असं लिहायला हवं. एक नमुना देते, तो तुमच्या परिस्थितीप्रमाणे बदला:

“आम्ही खाली सही करणारे विद्यार्थी अमुक अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. अमुक तारखेपासून आमच्या अमुक विषयाचे तास नेमलेल्या व्यक्तीकडून होत नाहीत. त्यामागचं कारण आम्हाला कळवलेलं नाही. कोणत्याही तक्रारीच्या खरेखोटेपणाबद्दल आम्ही इथे मत देत नाही. आमची विनंती अशी: हा बदल कोणत्या नियमाखाली केला ते लेखी कळवावं, चौकशी असल्यास ती कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण होणार ते सांगावं, विद्यापरिषदेने मंजूर केलेला अभ्यासक्रम बदलला जाणार नाही असं आश्वासन द्यावं, आणि या काळात संबंधितांच्या खासगी माहितीची गुप्तता राखली जाईल याची हमी द्यावी. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावं.”

यात लैंगिकतेचा शब्दही नाही, हे लक्षात आलं असेल. नाव घ्यायची परवानगी मिळाली आणि रोख उघडपणे माणसावर असला, तर भेदभावाचा परिच्छेद जोडा. नाहीतर इतकं पत्र पुरेसं आहे. ‘मत देत नाही’ हे वाक्य विशेष महत्त्वाचं. त्यामुळे संकोच करणारे, धार्मिक वळणाचे, किंवा या विषयावर वेगळं मत असलेले वर्गमित्रही सही करू शकतात. मी स्वतः अशा सह्या मिळताना पाहिल्या आहेत, आणि कार्यालयावर सगळ्यात जास्त वजन त्यांचंच पडतं.

पत्र विभागप्रमुखांना, प्रत अधिष्ठात्यांना आणि कुलसचिवांना. आवक विभागात देऊन आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच नाही तर पत्र नाही. परदेशी विद्यार्थी, शिष्यवृत्तीवरचे विद्यार्थी आणि त्याच शिक्षकांकडे संशोधन करणारे यांच्यावर सहीचा आग्रह धरू नका. त्यांना गमावण्यासारखं जास्त असतं.

वर्गातला पाठिंबा

हे सगळ्यात दुर्लक्षित काम आहे. ज्या शिक्षकांवर डोळा असतो, त्यांच्याविरुद्ध पहिला कागद बहुधा विद्यार्थ्यांच्या निनावी अभिप्रायांतून तयार होतो. ‘एकच विषय लादतात’ असे चार शेरे पुरतात. तुम्ही मात्र ‘छान शिकवतात’ एवढंच लिहून अर्ज बंद करता. त्याऐवजी तपशील लिहा: कुठली पुस्तकं वाचून घेतली, विरोधी मत मांडणाऱ्याला किती वेळ दिला, गुण देताना निकष आधी सांगितले होते का. हे खरं असेल तरच लिहा, आणि नावानिशी लिहिता येत असेल तर स्वतंत्र पत्र म्हणून विभागात द्या. चौकशीत असं एक पत्र पन्नास घोषणांपेक्षा उपयोगी ठरतं.

तास भरलेले ठेवा. अवघड विषयाच्या दिवशी मागच्या बाकावर कुणीतरी चिडवायला बसणार हे ठाऊक असेल, तर त्या दिवशी पुढचे बाक रिकामे राहू देऊ नका. आणि प्रश्न विचारा, खरोखरचे, अगदी असहमतीचेही. शिक्षकांना भक्त नको असतात, वर्ग हवा असतो.

एकटेपण हे शिक्षेआधी येतं

डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे मराठीचे प्राध्यापक आणि कवी, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख. ८ फेब्रुवारी २०१० ला काही माणसं कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसली आणि त्यांचे खासगी क्षण चित्रित केले. गुन्हा घरात घुसणाऱ्यांचा होता, पण दुसऱ्या दिवशी निलंबित झाले ते सिरस. विद्यापीठाचं राहतं घरही सोडायला सांगण्यात आलं. त्याच्या सात महिने आधीच, २ जुलै २००९ ला, दिल्ली उच्च न्यायालयाने संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं म्हटलं होतं. १ एप्रिल २०१० ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. कायद्याच्या भाषेत ते जिंकले होते. ७ एप्रिलला त्यांच्या भाड्याच्या घरात ते मृतावस्थेत सापडले.

निलंबनापासून स्थगितीपर्यंत सात आठवडे गेले. या तारखा मी जेव्हा जेव्हा वाचते, तेव्हा मला हे सात आठवडे दिसतात. न्यायालय तेवढा वेळ घेणारच. त्या वेळात माणसाचं घर, काम आणि रोजचं बोलणं एकदम तुटतं. आदल्या आठवड्यापर्यंत जिन्यात नमस्कार करणारे नजर चुकवून जातात. विद्यार्थी जे करू शकतात ते इथेच सगळ्यात जास्त आहे. वार वाटून घ्या: सोमवारी कुणी फोन करायचा, गुरुवारी कुणी भेटायचं. विषय प्रकरणाचाच नको. तुमचा अडलेला प्रबंध घेऊन जा, शंका विचारा, आपण अजून शिक्षक आहोत हे त्यांना जाणवू द्या. बोलण्यात निराशा फार खोल वाटली, आवराआवरीची किंवा निरोपाची भाषा ऐकू आली, तर गुप्ततेचं वचन बाजूला ठेवून त्यांच्या विश्वासातल्या मोठ्या माणसाला आणि समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. हा भार एकट्या विद्यार्थ्याने पेलायचा नाही.

उघड निषेध करायचा तर

पत्राला उत्तर आलं नाही, संमती मिळाली आहे आणि कायदा परवानगी देतो, तर रस्त्यावर या. पण असा प्रकार निवडा जो महिनाभर टिकेल.

इस्तंबूलच्या बोआझिची विद्यापीठात जानेवारी २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी बाहेरून कुलगुरू नेमल्यावर विद्यार्थी आणि प्राध्यापक दोघंही उभे राहिले. फेब्रुवारीत तिथला एलजीबीटी विद्यार्थ्यांचा क्लब बंद करण्यात आला. प्राध्यापकांनी एक साधी गोष्ट केली: अंगात पदवीदानाचा झगा घालून दुपारी कुलगुरूंच्या इमारतीकडे पाठ करून शांत उभं राहायचं, कामाच्या प्रत्येक दिवशी. घोषणा नाहीत, त्यामुळे ‘गोंधळ घातला’ हा आरोप चिकटत नाही, आणि एका दिवशी दहाच जण आले तरी चालतं. अमेरिकेतल्या सिअॅटल पॅसिफिक या ख्रिस्ती विद्यापीठात समलिंगी नात्यांतल्या व्यक्तींना नोकरीत आडकाठी करणारं धोरण विश्वस्त मंडळाने मे २०२२ मध्ये कायम ठेवलं, तेव्हा विद्यार्थ्यांनी प्रशासकीय इमारतीत बैठा सत्याग्रह केला. जूनच्या पदवीदानात मंचावर जाऊन अनेकांनी अध्यक्षांशी हस्तांदोलन करण्याऐवजी त्यांच्या हातात छोटा सप्तरंगी झेंडा ठेवला. समारंभ बिघडला नाही आणि म्हणणं प्रत्येक पालकाने पाहिलं.

स्वतःची काळजीही घ्या. अंकाऱ्याच्या मिडल ईस्ट टेक्निकल विद्यापीठात मे २०१९ मधल्या प्राइड (एलजीबीटीक्यू अभिमानाच्या) कार्यक्रमावर पोलीस आले आणि १८ विद्यार्थ्यांवर, त्यांच्याबरोबर एका अध्यापकावर खटला झाला. ऑक्टोबर २०२१ मध्ये सगळे निर्दोष सुटले, पण तोवर अडीच वर्षं गेली होती. म्हणून निघण्याआधी वकिलाचा क्रमांक दंडावर पेनाने लिहा, परीक्षेच्या तारखा पाहा, कोण पुढे राहणार आणि कोण फक्त मागून मदत करणार हे आधीच ठरवा. पत्रकारांशी एकानेच बोलायचं, आणि शिक्षकांनी परवानगी दिली तेवढंच बोलायचं.

ज्यांचं मत आपल्याला पटत नाही, त्यांचं काय?

हा भाग टाळता आला असता, पण मग सगळा लेख खोटा ठरला असता. ससेक्स विद्यापीठातल्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिका कॅथलीन स्टॉक स्वतः लेस्बियन आहेत. लिंगओळखीबद्दलची त्यांची मतं पारलिंगी विद्यार्थ्यांना दुखावणारी होती. त्यांना काढून टाका अशी मोहीम झाली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. मार्च २०२५ मध्ये इंग्लंडच्या उच्च शिक्षण नियामकाने अभिव्यक्तिस्वातंत्र्य जपलं नाही म्हणून ससेक्सला ५,८५,००० पौंडांचा दंड ठोठावला आणि विद्यापीठाने त्याला विरोध केला.

माझं मत असं: मताला विरोध करा, सभा घ्या, प्रत्युत्तर लिहा, त्यांचा तास निवडू नका. पण केवळ मतासाठी नोकरी काढून घ्या अशी मागणी केली, की आपण कार्यालयाच्या हातात तीच कुऱ्हाड देतो, जी उद्या आपल्या समलिंगी सरांवर पडणार असते. मात्र कुणी एखाद्या पारलिंगी विद्यार्थ्याला वर्गात नाव घेऊन अपमानित करत असेल, तर ते मत राहत नाही, वागणूक होते, आणि त्यावर तक्रार झालीच पाहिजे. ही रेषा दर वेळी स्पष्ट दिसत नाही. आमच्या गटातही यावरून भांडणं झाली, दोन मैत्रिणी उठून गेल्या. तरी ती रेषा आधी बोलून ठरवलेली बरी.

प्रकरण नसतानाचं काम

जिथे व्यक्तीने नाव घेऊ नका म्हटलं, तिथे इथून सुरुवात करा. विद्यार्थी परिषदेमार्फत नियमांत बदल मागा: भेदभावविरोधी धोरणात लैंगिक कल आणि लिंगओळख हे शब्द, खासगी आयुष्याबद्दलची निनावी तक्रार चौकशीचा आधार होणार नाही अशी तरतूद, निलंबनाला कमाल मुदत, त्या काळात निर्वाह भत्ता आणि राहत्या घराचं संरक्षण, कंत्राट न वाढवण्याचं लेखी कारण, नाव बदललेल्या कर्मचाऱ्यांचं ओळखपत्र आणि ई-मेल ठरावीक दिवसांत बदलून देणं, वैद्यकीय योजनेत जोडीदाराची नोंद. अभ्यासक्रमावरची तक्रार आधी विषयतज्ज्ञांच्या समितीकडेच जाईल, थेट वरून आदेश येणार नाही, हाही नियम मागून घ्या.

कायद्याच्या पातळीवरही विद्यार्थ्यांचा आवाज कधी कधी पोहोचतो. हंगेरीत ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारी आदेशाने लिंगभाव अभ्यासाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम मान्यतेच्या यादीतून काढले आणि ते टिकवता आले नाहीत. रोमानियात मात्र वेगळं घडलं: जून २०२० मध्ये संसदेने शिक्षणसंस्थांत लिंगओळखीच्या सिद्धान्तावर बंदी आणणारं विधेयक मंजूर केलं. विद्यापीठं आणि विद्यार्थी संघटनांनी विरोध केला, राष्ट्राध्यक्षांनी ते घटना न्यायालयात नेलं, आणि डिसेंबर २०२० मध्ये न्यायालयाने ते रद्द ठरवलं.

विद्यार्थी तीन वर्षांत निघून जातात आणि कार्यालयाला हे पक्कं माहीत असतं. फायली तेवढ्याचसाठी रेंगाळतात. म्हणून शेवटच्या सत्राच्या आधीच वही पुढच्या वर्गाकडे द्या: पोच घेतलेल्या पत्रांच्या प्रती, उत्तरांच्या मुदतीच्या तारखा, कुठल्या समितीची बैठक कधी असते, आणि कुठल्या मागण्या अजून उत्तराविना आहेत. शिक्षकांबद्दलची एखादी खासगी नोंद चुकून राहिली असेल, तर ती देण्याआधी फाडून टाका. सोमवारचा फोन आता कोण करणार, एवढं मात्र नवीन नावासकट पहिल्या पानावर लिहा.